होपवेलचा तह, १७८५ : सही एकाची, ताबा दुसऱ्याचा

२८ नोव्हेंबर १७८५ रोजी दक्षिण कॅरोलायनात, किओवी नदीच्या काठावर, चेरोकी हे मूळनिवासी राष्ट्र आणि नव्यानेच स्वतंत्र झालेली अमेरिकेची संयुक्त संस्थानं यांच्यात पहिला तह झाला. जागा होती जनरल अँड्र्यू पिकन्सचा होपवेल नावाचा मळा. तेरा कलमं, अमेरिकेच्या चार आयुक्तांच्या सह्या आणि सदतीस चेरोकी प्रमुखांच्या फुल्या. (चेरोकी लिपी यायला अजून पस्तीसेक वर्षं होती. सिक्वोयाने ती १८२१ च्या सुमारास पुरी केली.)

कागद म्हणून हा तह चेरोकींच्या बाजूने बऱ्यापैकी झुकलेला होता. त्या काळच्या इतर तहांशी ताडून पाहिलं तर आश्चर्य वाटावं इतका. तरीही नऊ महिन्यांच्या आत त्याच्यावरून पहिला नांगर फिरला, आणि अडीच वर्षांत सही करणाऱ्यांतला सर्वांत वजनदार माणूस पांढऱ्या निशाणाखाली मारला गेला. असं का झालं?

‘गोरे लबाड होते’ हे उत्तर सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे. होपवेलला आलेले चार आयुक्त निदान त्या आठवड्यात तरी लबाडी करायला आले नव्हते. बिघाड वेगळ्याच जागी होता. जे देऊ केलं ते देणाऱ्याच्या ताब्यात नव्हतं, आणि मांडवात बसलेल्या प्रत्येकाला, चेरोकींसकट, हे दिसत होतं. पुढे देणाऱ्याच्या हातात ताकद आली, तेव्हा तिचं काय झालं हा या प्रकरणाचा दुसरा भाग. माझ्या मते तोच जास्त बोलका आहे.

दोन थकलेले पक्ष

चेरोकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने उतरले होते आणि त्याची किंमत त्यांनी १७७६ मध्येच मोजली. व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना आणि दक्षिण कॅरोलायना यांच्या फौजा वेगवेगळ्या दिशांनी डोंगरांत घुसल्या, गावं जाळली, उभा मका कापून टाकला. १७७७ मध्ये दोन तह करून चेरोकींनी या राज्यांना मोठा मुलूख सोडला. जुना प्रमुख अटाकुलाकुला याचा मुलगा ड्रॅगिंग कनू याला हे मान्य नव्हतं. तो आपली माणसं घेऊन चिकमॉगा ओढ्याकडे सरकला आणि लढत राहिला. म्हणजे १७८५ मध्ये ‘चेरोकी’ असा एकच पक्ष नव्हता. एकीकडे राजधानी चोटा आणि आसपासच्या जुन्या गावांतले तडजोडवाले होते, दुसरीकडे चिकमॉगावाले. होपवेलच्या सह्यांत ड्रॅगिंग कनूचं नाव नाही.

इंग्रजांनी १७८३ च्या पॅरिस तहात मिसिसिपीपर्यंतचा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. त्या तहात त्यांच्या बाजूने लढलेल्या मूळनिवासींचा उल्लेखसुद्धा नाही.

समोरचा पक्ष म्हणजे काँग्रेस, तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. तिला कर बसवता येत नव्हता. १७८४ मध्ये युद्धातली उरलीसुरली फौज मोडून तिच्या जागी चार राज्यांकडून ७०० माणसं मागवायचं ठरलं, आणि ती ओहायो नदीकडे ठेवायची होती. दक्षिण सरहद्दीवर पाठवायला काँग्रेसजवळ शिपाईच नव्हता. कायद्याची स्थिती तर त्याहून गमतीची. तेव्हाच्या घटनेच्या, म्हणजे संघराज्याच्या करारनाम्याच्या नवव्या कलमानुसार मूळनिवासींशी व्यापार आणि सगळे व्यवहार पाहण्याचा अधिकार फक्त काँग्रेसचा, पण कोणत्याही राज्याच्या हद्दीतल्या त्याच्या कायदे करण्याच्या हक्काला धक्का लागता कामा नये. आता चेरोकींचा बहुतेक मुलूख कोणत्या ना कोणत्या राज्याने आपल्या हद्दीत धरलेलाच होता. मग काँग्रेसच्या वाट्याला नेमकं काय उरत होतं?

उत्तर कॅरोलायनाने याचं उत्तर वाट न बघता दिलं होतं. १७८३ मध्ये त्या राज्याने कायदा करून पश्चिमेकडचा प्रचंड मुलूख विक्रीला काढला. युद्धात लढलेल्या सैनिकांना जमिनीची पत्रं वाटली. मोठमोठ्या दलालांनी नावं नोंदवली. त्यातला बराच मुलूख चेरोकींनी कधी सोडलेलाच नव्हता. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत तशी गत. त्यात भर म्हणून १७८४ मध्ये तिथल्या वसाहतवाल्यांनी उत्तर कॅरोलायनापासूनच फुटून ‘फ्रँकलिन’ नावाचं राज्य जाहीर केलं, जॉन सेव्हियरला गव्हर्नर केलं, आणि जून १७८५ मध्ये डम्पलिन क्रीक इथे काही चेरोकींशी स्वतःचा वेगळा तह करून फ्रेंच ब्रॉड नदीच्या दक्षिणेकडची जमीन पदरात पाडून घेतली. या राज्याला काँग्रेसने कधीच मान्यता दिली नाही.

मांडवातली माणसं

आयुक्त चौघे होते. यजमान अँड्र्यू पिकन्स याने चेरोकींविरुद्ध एकाहून जास्त मोहिमा केलेल्या होत्या. चेरोकी त्याला ओळखत होते ते रणांगणावरून. बेंजामिन हॉकिन्स उत्तर कॅरोलायनाचा, काँग्रेसमध्ये बसलेला. लॅकलन मॅकिंटॉश जॉर्जियाचा जनरल. चौथा जोसेफ मार्टिन. हा कित्येक वर्षं चेरोकींमध्ये व्हर्जिनियाचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला, आणि नॅन्सी वॉर्ड या मानाच्या चेरोकी स्त्रीचा (ती पुढे येईलच) जावई. तहावर दुभाषी म्हणून जेम्स मॅडिसन असं नाव आहे. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मॅडिसन नव्हेत, नुसता नामसाधर्म्याचा योग.

हे आयुक्त होपवेलला येण्याआधी जॉर्जियात गॅल्फिन्टनला क्रीक या दुसऱ्या मूळनिवासी राष्ट्राच्या लोकांची वाट पाहत बसले होते. तिथे फक्त दोन गावांची माणसं आली. एवढ्या थोड्यांशी तह करणं म्हणजे अख्ख्या राष्ट्राच्या नावावर खोटा कागद करणं, असं म्हणून आयुक्त उठून गेले. त्यांची पाठ फिरताच जॉर्जियाच्या माणसांनी त्याच थोड्यांकडून हवी ती जमीन लिहून घेतली. आयुक्तांच्या हेतूबद्दल मी वर जे म्हटलं त्याला हा प्रसंग आधार आहे. पण त्यांच्या हेतूला किती किंमत होती, हेही याच प्रसंगात दिसतं.

होपवेलला उलट झालं. आयुक्तांना अपेक्षा प्रमुखांची होती, आले ९१८ लोक. बायका, मुलं, तरुण, सगळे.

आयुक्तांनी सुरुवातीच्या भाषणात सांगितलं की आता या सगळ्या मुलखावर सार्वभौम सत्ता काँग्रेसची आहे, इंग्रज राजा गेला. काँग्रेसला तुमची जमीन नको, तुमचं दुसरंही काही नको. आपण बरोबरीच्या नात्याने तह करू. तुमच्या तक्रारी मोकळेपणाने मांडा.

चेरोकींच्या वतीने मुख्यतः बोलला ओल्ड टॅसल. सौम्य बोलण्याबद्दल आणि शब्द पाळण्याबद्दल गोऱ्यांमध्येही त्याचं नाव होतं. मी या मातीचा घडलो आहे आणि वरच्या थोर पुरुषाने मला तिच्यावर ठेवलं आहे, अशी त्याने सुरुवात केली. मग आपल्या मुलखाचा नकाशा पुढे केला. त्या नकाशात केंटकी आणि कंबरलंड नदीचं खोरंही होतं.

इथे पहिली गाठ बसली. आयुक्त म्हणाले, तो भाग तर तुम्ही रिचर्ड हेंडरसनला विकलात. १७७५ च्या मार्चमध्ये सायकमोर शोल्स इथे हेंडरसनच्या कंपनीने १०,००० पौंडांच्या मालाच्या बदल्यात सुमारे दोन कोटी एकरांचं खरेदीखत करून घेतलं होतं. टॅसल भडकला. हेंडरसन लबाड आहे, तो इथे असता तर तोंडावर सांगितलं असतं, असं त्याने ऐकवलं. अटाकुलाकुलाने सही केली असेल तर आम्हाला कळवलं नाही, आणि ओकोनोस्टोटाने (हाही जुना प्रमुख) तर केलीच नाही. त्याचं नाव हेंडरसनने घातलं. आयुक्तांचं उत्तर कोणत्याही दप्तरी कारकुनाने पाठ करावं असं आहे. तुमची आठवण चुकू शकते, पण हे दप्तरात आहे आणि कायम राहील. करणारे मरून गेले, काळ लोटला, त्या खतावर भरवसा ठेवून लोक वसले, तेव्हा तुम्ही खरोखर विकल्यासारखंच समजून चाला.

यातली मेख अशी की त्याच खरेदीखताला व्हर्जिनियाने १७७८ मध्ये आणि उत्तर कॅरोलायनाने १७८३ मध्ये हेंडरसनच्या कंपनीविरुद्ध अमान्य ठरवलं होतं. खासगी माणसाला अशी खरेदी करता येत नाही, म्हणून जमीन राज्याची. कंपनीची समजूत घालायला दोन्ही राज्यांनी प्रत्येकी २,००,००० एकर दिले. म्हणजे खत कंपनीच्या हातात खोटं आणि चेरोकींच्या समोर खरं. टॅसलला हे तपशील माहीत असते तर त्याने काय म्हटलं असतं, याची कल्पना करायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबरला टॅसलने आपलं संपवून सांगितलं की आमच्यातल्या एका मानाच्या स्त्रीला बोलायचं आहे. ती नॅन्सी वॉर्ड, चेरोकी नाव नान्येही, चोटाची ‘युद्धस्त्री’ (ही चेरोकींची मानाची पदवी). तिने आयुक्तांना चिलीम आणि थोडी तंबाखू दिली. तुम्ही आणि आमची माणसं, दोघांनाही मी माझी मुलं मानते, असं ती म्हणाली. मागच्या युद्धात फार सोसलं. मी म्हातारी झाले, तरी अजून मुलं व्हावीत आणि त्यांनी आमचं राष्ट्र भरावं अशी आशा आहे, कारण आता आम्ही काँग्रेसच्या संरक्षणाखाली येणार आणि आम्हाला त्रास होणार नाही. मग तिने मण्यांची एक माळ दिली. हे बोलणं माझं एकटीचं नाही, माझ्या गावातल्या तरुण योद्ध्यांचंही आहे, असंही सांगितलं. आयुक्तांच्या बाजूला बाईमाणूस कोणी नव्हतंच. चेरोकींना ही गोष्ट विचित्र वाटली असणार, कारण त्यांच्याकडे कुळ आईकडून चालायचं आणि सभेत बायकांचा शब्द असायचा.

दुआबाचा प्रश्न

दुसरी गाठ जास्त अवघड होती. फ्रेंच ब्रॉड आणि होल्स्टन या नद्यांच्या मधल्या दुआबात (आजच्या नॉक्सव्हिलच्या पूर्वेला) मोठ्या संख्येने गोरे वसले होते. ही जमीन चेरोकींनी काँग्रेसला किंवा उत्तर कॅरोलायनाला कधीच दिलेली नव्हती. टॅसलने मागणी केली की यांना उठवा. आयुक्त म्हणाले, ते संख्येने फार आहेत, त्यांना उठवणं आम्हाला शक्य नाही. इंग्रजांचं राज्य असतानाच ते तिथे बसले.

त्यावर टॅसलने विचारलं : इंग्लंडच्या राजाला हरवणाऱ्या काँग्रेसला एवढी माणसं हलवता येत नाहीत?

या प्रश्नाला मांडवात सरळ उत्तर मिळालं नाही. ७०० माणसांची फौज, रिकामी तिजोरी आणि नववं कलम हे खरं उत्तर, पण ते कोण देणार? शेवटी ठरलं की दुआबाचा मुद्दा काँग्रेसपुढे ठेवायचा आणि ती देईल तो निर्णय मान्य करायचा. टॅसलने याला होकार दिला.

तहातल्या पाचव्या कलमात हे असं उतरलं : ठरलेल्या रेषेपलीकडे कोणी अमेरिकी नागरिक वसला किंवा आधी वसलेला सहा महिन्यांत उठला नाही, तर त्याला संयुक्त संस्थानांचं संरक्षण राहणार नाही आणि चेरोकींनी त्याला हवी तशी शिक्षा करावी वा करू नये. मात्र हे कलम दुआबातल्या लोकांना लागू नाही. त्यांची ‘विशेष परिस्थिती’ काँग्रेसला कळवली जाईल.

हे वाचून मला तरी वाटतं की तह इथेच उसवला. ज्या एका प्रश्नासाठी चेरोकी बोलणीला आले होते, तो प्रश्न तहाच्या बाहेर ठेवून तह झाला. शिवाय पहिल्या अर्ध्या भागातली शिक्षेची मुभा वरवर उदार दिसते, प्रत्यक्षात ती सापळा होती. चेरोकींनी अतिक्रमण करणाऱ्या एखाद्याला खरोखर मारलं असतं, तर त्याच्या शेजाऱ्यांनी तहाचं कलम काढून वाचलं असतं का? त्यांनी बंदुका काढल्या असत्या. काँग्रेसने स्वतःला न जमणारी अंमलबजावणी दुबळ्या पक्षावर टाकली आणि तिला हक्काचं नाव दिलं.

बाकीची कलमं भरभर पाहू. तिसऱ्यात चेरोकींनी आपण संयुक्त संस्थानांच्याच संरक्षणाखाली असल्याचं मान्य केलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. रोख स्पेनकडे होता. क्रीकांचा पुढारी अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याने १७८४ मध्येच स्पेनशी पेन्साकोलाचा तह केलेला होता. चौथ्यात हद्द : डक नदीच्या मुखापासून, नॅशव्हिलच्या वर चाळीस मैलांवर कंबरलंडला भिडणारी, मग कंबरलंड घाटाजवळून पुढे पूर्वेला आणि दक्षिणेला डोंगरांतून जॉर्जियापर्यंत. सातव्यात, चेरोकीवर गुन्हा करणाऱ्या गोऱ्याला गोऱ्यावरच्या गुन्ह्याइतकीच शिक्षा आणि ती चेरोकींना समक्ष पाहता येईल. नवव्यात व्यापाराचं नियमन आणि ‘त्यांचे सर्व व्यवहार’ काँग्रेस आपल्याला योग्य वाटेल तसे पाहील. (१८३२ मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या वुस्टर खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांना हे कलम फोडून सांगावं लागलं : चेरोकींनी व्यापाराच्या ओघात स्वतःचं राज्यच सोडून दिलं असं मानता येणार नाही.) आणि बाराव्यात, चेरोकींना वाटेल तेव्हा आपल्या पसंतीचा एक प्रतिनिधी काँग्रेसकडे पाठवण्याचा हक्क.

सह्या झाल्या त्याच दिवशी उत्तर कॅरोलायनाचा प्रतिनिधी विल्यम ब्लाउंट याने लेखी निषेध नोंदवला : या तहाने आमच्या राज्याचे हक्क मोडले, आम्ही सैनिकांना वाटलेली जमीन चेरोकींना दिली. जॉर्जियाच्या प्रतिनिधींनीही तसंच केलं. ब्लाउंटचं नाव लक्षात ठेवा. तो आणि त्याचे भाऊ पश्चिमेकडच्या जमिनींचे मोठे दलाल होते.

अडीच वर्षं

सहा महिन्यांत कोणी उठलं नाही. उलट माणसं वाढली. ऑगस्ट १७८६ मध्ये फ्रँकलिनची सशस्त्र टोळी चोटाकडे आली, काही गोऱ्यांच्या खुनांचा हिशोब मागितला, आणि कोयाटी इथे टॅसल आणि हँगिंग मॉ यांच्याकडून लिटल टेनेसी नदीपर्यंतच्या वसाहतीला मान्यता लिहून घेतली. होपवेलच्या मांडवात बसलेल्याच माणसाला नऊ महिन्यांत बंदुकीसमोर दुसऱ्या कागदावर फुली करावी लागली. काँग्रेसने याबाबत काही केलं नाही, करू शकत नव्हती.

१७८८ च्या मे महिन्यात चेरोकींच्या एका टोळीने जॉन कर्क या वसाहतवाल्याच्या घरावर हल्ला करून अकरा माणसं मारली. सेव्हियर फौज घेऊन निघाला. चिल्होवी गावात पांढरं निशाण दाखवून टॅसल, ओल्ड अब्राम आणि आणखी काही जणांना बोलणीसाठी एका घरात बोलावलं गेलं. सेव्हियर तेव्हा तिथे नव्हता. कर्कच्या मुलाने एकेकाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. टॅसल आणि अब्राम, दोघांचीही होपवेलच्या तहावर फुली होती. कोणालाही शिक्षा झाली नाही. सातवं कलम कागदावरच राहिलं, आणि सेव्हियर १७९६ मध्ये टेनेसी राज्याचा पहिला गव्हर्नर झाला.

याचा परिणाम उघड होता. शांततेची बाजू घेणारा मेल्यावर शांततेचा युक्तिवाद कोण करणार? टॅसलचा भाचा जॉन वॉट्स ड्रॅगिंग कनूच्या गोटात गेला. चेरोकींची राजधानी चोटाहून दक्षिणेला उस्तानालीला हलली. १ सप्टेंबर १७८८ रोजी काँग्रेसने जाहीरनामा काढला की होपवेलच्या हद्दीत घुसलेल्यांनी निघून जावं. कोणी गेलं नाही.

ताकद आल्यावर

१७८९ मध्ये नवी घटना अमलात आली. तिच्यात लिहिलं होतं की झालेले आणि पुढे होणारे सर्व तह हा देशाचा सर्वोच्च कायदा. म्हणजे होपवेलही. जुन्या करारनाम्याचं नववं कलम आणि त्याची पाचर दोन्ही गेली. ७ जुलै १७८९ रोजी युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांनी वॉशिंग्टन यांना लिहिलं की होपवेलचा भंग लाजिरवाणा आहे. दुआब सोडूनच पाचशेहून जास्त कुटुंबं चेरोकींच्या जमिनीवर बसली आहेत. हे असंच चालू दिलं तर मूळनिवासींचा अशा पोकळ वचनांवर विश्वास बसणार नाही, आणि फक्त कागदावर तह करणाऱ्या, कागदावर हद्दी आखणाऱ्या सरकारला सरहद्दीवरचे गुंड हसतील. इतकं स्पष्ट कबुलीपत्र सरकारी पत्रव्यवहारात क्वचित सापडतं.

पण नॉक्स हे लिहीत होते तेव्हा उत्तर कॅरोलायनाने नवी घटना स्वीकारलेलीच नव्हती. ते राज्य संघात आलं नोव्हेंबर १७८९ मध्ये, पश्चिमेकडचा मुलूख केंद्राला दिला आणि काँग्रेसने तो एप्रिल १७९० मध्ये स्वीकारला. आता अडथळा संपला होता. जमीन केंद्राच्या अखत्यारीत, तह सर्वोच्च कायदा, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन. ११ ऑगस्ट १७९० ला वॉशिंग्टन यांनी सिनेटला विचारलं : होपवेलची रेषा आहे तशी राबवायची, की वसलेल्या लोकांना आत घेणारी नवी रेषा मोबदला देऊन ठरवायची? सिनेटने दुसरा पर्याय दिला, वर्षाला १,००० डॉलरच्या मर्यादेत.

या निर्णयाला व्यवहार्य म्हणणारे पुष्कळ सापडतील. मी म्हणणार नाही. १७८५ मध्ये आयुक्तांजवळ पर्याय नव्हता, तेव्हा त्यांना दोष देताना हात आखडतो. १७९० मध्ये पर्याय होता, खर्चिक पण खरा, आणि तो प्रश्नाच्या रूपात सिनेटसमोर लिहून ठेवलेला होता. तिथे ठरलं की रेषा मोडणाऱ्यांऐवजी रेषाच हलवायची. सरहद्दीवरच्या माणसाने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला : पुढे जाऊन बसा, सरकार मागून येऊन तुमची हद्द बांधून देईल.

नव्या तहासाठी नेमलं कोणाला? नव्या नैर्ऋत्य प्रदेशाचा गव्हर्नर आणि मूळनिवासींच्या व्यवहारांचा अधीक्षक म्हणून विल्यम ब्लाउंट याला. होपवेलवर निषेध नोंदवणारा तोच दलाल आता केंद्र सरकारच्या वतीने समोर बसला. चेरोकी त्याला ‘मातीचा कप्तान’ म्हणू लागले.

२ जुलै १७९१ ला व्हाइट्स फोर्टजवळ, म्हणजे आजच्या नॉक्सव्हिलला, होल्स्टनचा तह झाला. दुआब आणि त्याखालचा बराच मुलूख गेला. बदल्यात काही माल आणि वर्षाला १,००० डॉलर. सातव्या कलमात न दिलेल्या सगळ्या जमिनीची ‘गंभीरपणे’ हमी. चौदाव्यात शेतीची अवजारं, चेरोकींनी शिकार सोडून शेतकरी व्हावं म्हणून. होपवेलमधलं बारावं कलम, काँग्रेसकडे प्रतिनिधी पाठवण्याचं, होल्स्टनच्या सोळा कलमांत कुठेही नाही. (प्रतिनिधीचा मुद्दा पुन्हा १८३५ च्या न्यू इकोटा तहात आला. त्याच्या आधारावर चेरोकी नेशनने २०१९ मध्ये आपला प्रतिनिधी नेमला आणि २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे त्यावर सुनावणी झाली.)

चेरोकी गप्प बसले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लडी फेलो हा चेरोकी पुढारी काही प्रमुखांना घेऊन फिलाडेल्फियाला पोचला, ब्लाउंटला डावलून थेट सरकारकडे. ब्लाउंटने आम्हाला दाबून सही घेतली, असं त्याने नॉक्सना सांगितलं. आणि १,००० डॉलरमध्ये आमच्या राष्ट्रातल्या प्रत्येकाला लंगोटीसुद्धा येणार नाही. फेब्रुवारी १७९२ मध्ये रक्कम १,५०० झाली. हद्द तीच राहिली. १७९२ च्या सुरुवातीला ड्रॅगिंग कनू वारला, त्याची जागा जॉन वॉट्सने घेतली, आणि सप्टेंबरअखेर त्याने नॅशव्हिलजवळच्या ब्यूकॅनन स्टेशन या तटबंदीच्या वस्तीवर हल्ला केला. होल्स्टनच्या तहावर वॉट्सचीही फुली होती. सह्यांनी बांधली न जाणारी माणसं दोन्ही बाजूंना होती. फरक इतकाच की चेरोकींनी तह मोडला की मोहीम निघे, गोऱ्यांनी मोडला की नवा तह. लढाई थांबली १७९४ च्या शेवटी. त्या वर्षी फिलाडेल्फियात वार्षिक रक्कम ५,००० डॉलर झाली.

राहिला टॅसलचा प्रश्न. एवढी माणसं सरकारला हलवता येतात का? १७९७ मध्ये होल्स्टनची रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजायला तिघे जण गेले. त्यांतले दोघे हॉकिन्स आणि पिकन्स, होपवेलचेच. मोजणीत निघालं की पॉवेल खोऱ्यात आणि इतरत्र पुष्कळ लोक पुन्हा रेषेच्या पलीकडे बसले आहेत. या वेळी फौज होती. कर्नल थॉमस बटलर तिच्यासह आला आणि त्याने लोकांना खरोखर उठवलं.

टेनेसी राज्यात ओरड झाली, गव्हर्नर सेव्हियरने तक्रारी धाडल्या. २ ऑक्टोबर १७९८ रोजी टेलिको इथे नवा तह करून सरकारने ती जमीन ५,००० डॉलरचा माल आणि वार्षिक १,००० डॉलरच्या वाढीवर विकत घेतली, आणि उठवलेले लोक परत आपल्या घरांत गेले. उरलेल्या मुलखाची हमी आधीच्या तहांप्रमाणेच कायमची राहील, असं त्याही तहात लिहिलं आहे.